स्पिरुलिनाच्या रेसवे तळ्यात वळणामागे पाणी थबकते : वेग वाढवावा की प्रवाह वळवावा? (मदत हवी आहे)

माळरान

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात आमच्या शेतावर स्पिरुलिनाचे, म्हणजे खाण्यासाठी वाढवतात त्या निळ्या-हिरव्या शैवालाचे, एक उघडे रेसवे तळे (मधल्या भिंतीभोवती पाणी सतत फिरवत ठेवण्याचे लांबट, उथळ तळे) आहे. त्यातील पाणी सगळीकडे सारखे फिरत नाही, आणि त्यावर सुचवण्यात आलेला उपाय मला पटत नसल्यामुळे येथे सविस्तर विचारत आहे. प्रश्न लांबला आहे, पण मोजमापे दिल्याशिवाय उत्तर देणे अवघड जाईल म्हणून ती सगळी देतो.

तळे टोकापासून टोकापर्यंत २५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असून दोन्ही टोके अर्धगोल आहेत. मधोमध २० सेंटीमीटर जाडीची भिंत असल्यामुळे दोन्ही बाजूंना २.४ मीटर रुंदीचे पाट तयार झाले आहेत. पाण्याची खोली २० सेंटीमीटर, म्हणजे एकूण पाणी साधारण २३ हजार लिटर होते. तळाला आणि भिंतींना शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे. एका पाटाच्या मध्यावर सहा पात्यांचे १.२ मीटर व्यासाचे पॅडल व्हील (पाणी पुढे ढकलणारे चाक) असून ते १ एचपीच्या गिअर मोटरवर मिनिटाला १० फेरे घेते. वर फक्त शेडनेट आहे.

अडचण दोन्ही वळणांनंतर दिसते. पाणी वळण घेऊन सरळ पाटात शिरते तेव्हा ते बाहेरच्या भिंतीला चिकटून जोरात जाते आणि मधल्या भिंतीलगत तीन-साडेतीन मीटरचा पट्टा जवळजवळ उभा राहतो. दुपारी अकरानंतर त्या पट्ट्यावर हिरवी जाड साय धरते, तीनपर्यंत तिची कड पिवळट पडते आणि दुसऱ्या दिवशी तिला कुजकट वास येऊ लागतो. हाताने ढवळली तर ती फुटते, पण अर्ध्या तासात पुन्हा जमते. त्याच जागी तळाशी करडा-पांढरा, बोटांत चोळला तर कचकचणारा गाळही बसतो. तळ्याच्या उरलेल्या भागाचा रंग मात्र उत्तम निळसर हिरवा आहे. सामू (पीएच) ९.८ ते १०.२ च्या दरम्यान राहतो आणि पांढरी तबकडी पाण्यात सोडली तर ३ सेंटीमीटरवर दिसेनाशी होते.

वारा नसताना, सकाळी, संत्री सोडून वेग मोजला. वळणाआधीच्या सरळ पाटात कोठेही सोडले तरी संत्रे १० मीटरचे अंतर ४५ ते ५० सेकंदांत कापते. वळणानंतर बाहेरच्या भिंतीलगत तेच अंतर ३२ सेकंदांत होते, मध्यावर ४८ सेकंद लागतात, आणि मधल्या भिंतीलगत सोडलेले संत्रे पुढे न जाता हळूहळू उलटे फिरून वळणाकडे येते.

ज्यांच्याकडून पॅडल व्हील करून घेतले त्या फॅब्रिकेटरचे म्हणणे असे की मोटर कमी पडते आहे. २ एचपीची मोटर बसवून फेरे १५ केले की पाणी कोपऱ्यातूनही निघेल, असे ते सांगतात. खर्च बराच आहे. शिवाय पाती जोरात फिरली की फेस वाढतो हे आताच दिसते आहे. म्हणून विचारायचे आहे की हा दोष वेगाचा आहे की तळ्याच्या आकाराचा. वळणात वक्र पट्ट्या बसवतात असे ऐकले आहे. त्या किती, कोठे आणि कशाच्या असाव्यात? दिवसा थ्री फेज वीज आठ तासच मिळते, त्यामुळे रात्री व्हील बंद असते. याचा या सायीशी संबंध असू शकेल का, हेही कळले तर बरे होईल.

पाटकरी

मोजमापे दिल्याबद्दल आभार, त्यामुळे बोलणे सोपे झाले. माझे आयुष्य कालव्यांच्या कामात गेले, शैवालातले मला कळत नाही. तेव्हा फक्त पाण्याबद्दल लिहितो.

पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वस्तूचा वेग हा प्रवाहाच्या सरासरी वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून आपल्या आकड्याला ०.८५ ने गुणावे. सेकंदाला २० ते २२ सेंटीमीटर हा पृष्ठभागाचा वेग धरला तर सरासरी वेग १७ ते १९ सेंटीमीटर येतो. अशा तळ्यांत साधारणपणे १५ ते ३० सेंटीमीटरचा वेग ठेवतात, त्यामुळे आपला वेग कमी म्हणता येणार नाही.

आता ऊर्जा कोठे खर्च होते ते पाहू. वेग २० सेंटीमीटर धरला, तर मॅनिंगच्या सूत्राने (पाटातील घर्षण काढण्याचे नेहमीचे सूत्र) गुळगुळीत प्लॅस्टिकसाठी ०.०१२ हा गुणांक घेऊन ४८ मीटरच्या पूर्ण फेरीत घर्षणाने पाण्याची पातळी अवघी ३ मिलिमीटर उतरते. उलट १८० अंशांच्या प्रत्येक वळणात वेगशीर्षाच्या (वेगातली ऊर्जा पाण्याच्या उंचीत मोजली की येणारा आकडा, येथे २ मिलिमीटर) साधारण दुप्पट हानी होते. दोन वळणांची मिळून ती ८ मिलिमीटर येते. म्हणजे आपल्यासारख्या आखूड तळ्यात पॅडल व्हीलची सुमारे तीन चतुर्थांश मेहनत वळणांवर संपते आणि सरळ पाट जवळजवळ फुकटात वाहतात.

मोटरचे म्हणाल तर हिशेब आणखी बोलका आहे. २.४ मीटर रुंद आणि २० सेंटीमीटर खोल पाटातून या वेगाने सेकंदाला ९६ लिटर पाणी जाते. ते ११ मिलिमीटर उचलायला १० ते ११ वॅट लागतात. पॅडल व्हीलची कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी दांड्यावर ३० वॅटसुद्धा नकोत. गिअर, बेअरिंग आणि सुरुवातीचा झटका यांच्यासाठी मोटर मोठी घ्यावी लागते हे खरे, परंतु १ एचपी म्हणजे ७४६ वॅट आहेत. ती कमी पडते हे म्हणणे टिकणारे नाही.

वेग वाढवल्याने मधल्या भिंतीमागचा भोवरा जाणारही नाही. पाणी भिंतीच्या टोकावरून वळताना तिला सोडून देते आणि लगेच पुन्हा चिकटू शकत नाही, त्या पोकळीत भोवरा तयार होतो. त्याची लांबी मुख्यतः आकारावर ठरते. वेग दीडपट केला तर भोवराही दीडपट वेगाने फिरेल, पण राहील तेथेच. शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३.४ पट लागेल.

एक मोजमाप अजून हवे आहे. व्हील बंद असताना त्याच्या पुढे आणि मागे भिंतीवर पाण्याची रेघ आखून ठेवा आणि चालू केल्यावर दोन्हीकडची पातळी त्या रेघेपासून मोजा. लाटांमुळे वाचन हलते, म्हणून तळाला बारीक भोक पाडलेली पारदर्शक बाटली भिंतीला बांधावी. आतले पाणी स्थिर राहते. पात्याच्या टोकाखाली आणि बाजूंना किती फट आहे हेही कळवा. तळ सपाट आहे का, हे गवंड्याच्या लेव्हल पाइपने एकदा तपासून घ्या.

माळरान

मोजून पाहिले. व्हीलच्या पुढची आणि मागची पातळी यांत १३ मिलिमीटरचा फरक आहे. पात्याखाली ५ सेंटीमीटरची फट आहे आणि बाजूंना ३. तळ एका टोकाला दीड सेंटीमीटर उंच आहे, आणि कागदाला वळणात दोन-तीन ठळक चुण्या आहेत.

निळाहिरवा

मी स्पिरुलिनाच घेतो, म्हणून तिच्या बाजूने थोडे लिहितो.

आधी पिवळेपणाबद्दल. सगळे तळे पिवळट पडले असते तर मी नायट्रेट किंवा युरिया कमी पडला असे म्हटले असते, कारण नत्र तुटले की स्पिरुलिना आपला निळा रंग, म्हणजे फायकोसायनिन, मोडून खाते. तुमच्याकडे उरलेले पाणी चांगले आहे आणि फक्त साचलेला पट्टा पिवळा पडतो. तेव्हा खताकडे न पाहता प्रवाहाकडे पाहणे योग्य आहे. स्पिरुलिनाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. पाणी थांबले की ती वर येऊन साय धरते. ढवळलेल्या पाण्यात तीच स्पिरुलिना क्षणभर उन्हात आणि मग बराच वेळ अंधारात असते, कारण ३ सेंटीमीटरवर तबकडी दिसत नसेल तर २० सेंटीमीटरपैकी बहुतेक पाणी कायम काळोखात असते. सायीतली स्पिरुलिना मात्र तासन्‌तास थेट उन्हात राहते, तिनेच सोडलेला ऑक्सिजन तिच्याभोवती कोंडतो, आणि या दोहोंमुळे ती करपते.

खात्री करायची असेल तर दुपारी दोन वाजता थर्मामीटर घेऊन सरळ पाटात आणि त्या पट्ट्यात, वर आणि तळाशी, असे चार ठिकाणचे तापमान पाहा. पाणी इतके गडद असताना रंग टाकून किंवा दोरे बांधून काही दिसत नाही, तापमान मात्र खरे सांगते.

कृपया ती कुजलेली साय काढणीच्या कापडात जाऊ देऊ नका. रोज सकाळी गाळणीने वेगळी काढून टाकावी, कारण अशा सायीवर माश्यांच्या अळ्या आणि इतर जिवाणू वाढतात आणि हे खाण्याचे पीक आहे. पट्ट्या बसेपर्यंत मऊ झाडूने तो भाग दिवसातून चार-पाच वेळा लोटून घेतलात तरी पुष्कळ फरक पडेल. लहान तळ्यांवर सगळी ढवळणी हातानेच करणारे लोकही आहेत.

फेरे १५ करण्याला माझाही विरोध आहे. पाती जितकी जोरात आपटतील तितके स्पिरुलिनाचे मळसूत्री तंतू तुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड तुकडे दिसू लागले की कापडावरची गाळणी अवघड होते, बारीक तुकडे निसटून जातात आणि तुटलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांनी फेस आणखी वाढतो. याच कारणाने तळ्याचे पाणी फिरवायला साधा सेंट्रिफ्युगल पंप लावू नये, असे सांगतात.

करडा कचकचीत गाळ हा बहुधा तुमच्या बोअरच्या पाण्यातला चुना आहे. सामू १० च्या आसपास असताना कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसतो, सोबत थोडा फॉस्फेटही घेऊन जातो, आणि जेथे प्रवाह मंद तेथेच साठतो. उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून दिवसाला १ सेंटीमीटर पाणी उडाले असे धरले, तर तुमच्या तळ्यात रोज सुमारे १२०० लिटर पाणी भरावे लागते, आणि प्रत्येक भरणीबरोबर नवा चुना येतो. भरायचे पाणी वेगळ्या टाकीत सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून एक रात्र ठेवा, चुना तेथेच बसू द्या आणि वरचे निवळ तळ्यात घ्या.

रात्रीबद्दल : अंधारात प्रकाशसंश्लेषण नसल्यामुळे दिवसाइतकी ढवळणी लागत नाही, आणि वीज वाचवण्यासाठी रात्री वेग कमी करणे ही रूढ पद्धत आहे. पूर्ण बंद ठेवले तर सकाळी सगळ्या तळ्यावर पातळ साय असते. ऊन चढण्याआधी व्हील सुरू झाले तर ती मोडते आणि नुकसान होत नाही. तुमची थ्री फेज वीज सकाळी उशिरा येत असेल तर मात्र अडचण आहे. पाटकरी यांचा ३० वॅटचा हिशेब पाहता, व्हीलसाठी सिंगल फेजवर चालणारी लहान गिअर मोटर, किंवा सोलर पॅनेल आणि बॅटरीवरची डीसी गिअर मोटर, यांचा विचार करा. २ एचपीच्या मोटरपेक्षा तो पैसा अधिक कामी येईल.

पाटकरी

१३ मिलिमीटर म्हणजे हिशेबापेक्षा थोडे जास्त, पण वेग १७-१९ च असताना ते का, याचे उत्तर आपल्या चुण्यांत आणि चढलेल्या टोकात आहे. दीड सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटते. २० सेंटीमीटर खोलीत ते साडेसात टक्के होते.

फटीकडे मात्र आधी लक्ष द्या. २० सेंटीमीटर पाण्यात पात्याखाली ५ सेंटीमीटर मोकळे असतील, तर पुढे ढकललेले पाणी खालून मागे येते, आणि पुढची पातळी जितकी चढवाल तितके ते अधिक येते. फेरे वाढवून वेग न वाढण्याचे हे नेहमीचे कारण आहे. फट २ सेंटीमीटरपर्यंत आणावी. व्हील खाली घेता येत नसेल तर पात्यांच्या कडेला जाड रबराची लवचीक पट्टी नटबोल्टने लावावी. ती कागदाला घासणार नाही याची काळजी घ्यावी. पात्यांच्या वर्तुळाला जुळेल असा खोलगट तळ व्हीलखाली करणे सर्वांत उत्तम, पण ते नव्या तळ्यातच शक्य होते.

उभ्या मिसळणीबद्दल एक गोष्ट निळाहिरवा यांच्या बोलण्यावरून सुचली म्हणून हिशेब करून पाहिला. या वेगाला प्रवाह खळाळता असतो यात शंका नाही. तरीही गुळगुळीत तळावर त्याची खळबळ इतकी सौम्य असते की तळाचे पाणी पृष्ठभागापर्यंत पूर्ण मिसळायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात. तळ्याची एक फेरी चार मिनिटांची आहे. म्हणजे सरळ पाटात पाणी जवळजवळ थराथरांनीच सरकते आणि खरे वर-खाली होते ते व्हीलखालून जाताना. वेग ३० सेंटीमीटर केला तरी पाचाची सव्वातीन मिनिटे होतील, एवढेच.

माळरान

तापमान घेतले. सरळ पाटात वर ३४.५ आणि तळाशी ३४ अंश आहे. साचलेल्या पट्ट्यात वर ३७ आणि तळाशी ३३.५. संशयाला जागा राहिली नाही. फट कमी करण्याचे काम रबरी पट्टीने होईल असे दिसते. आता वक्र पट्ट्यांची मापे मिळाली तर पुढच्या काढणीनंतर पाणी उतरवून कामाला लागेन. येथे ॲल्युमिनियमचा पत्रा सहज मिळतो, तो चालेल का?

कौलारू

ॲल्युमिनियम अजिबात नको. सामू ९ च्या वर गेला की त्यावरचा संरक्षक थर विरघळतो आणि पत्रा खाल्ला जातो. शिवाय ते तुमच्या पिकात उतरेल. साधे लोखंडही नको. ३-४ मिलिमीटरची एचडीपीई (टणक प्लॅस्टिक) शीट वाकवायला सोपी असते, एफआरपी (काचतंतूंचे प्लॅस्टिक) चालते, आणि पाय म्हणून ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या पुरतात. कागदाला भोक पाडू नका. सिमेंटचे ठोकळे त्याच कागदाच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या आधाराने पट्टी उभी करा.

तुमच्या पाटाला प्रत्येक वळणात दोन पट्ट्या पुरे आहेत. त्या समान अंतरावर ठेवण्याचा मोह होतो, पण आतली वाट अरुंद ठेवावी, कारण प्रवाह सुटतो तो आतल्या बाजूला. मधल्या भिंतीच्या टोकाचे केंद्र धरून पहिली पट्टी ६५ सेंटीमीटर त्रिज्येवर आणि दुसरी १.४५ मीटरवर घ्या, म्हणजे आतून बाहेर ५५, ८० आणि १०५ सेंटीमीटरच्या तीन वाटा होतात. अर्धगोल संपला तेथेच पट्टी तोडू नका. पाणी जाते त्या दिशेला निदान ६० सेंटीमीटर सरळ पुढे न्या. मग लांबी अनुक्रमे सुमारे २.६ आणि ५.२ मीटर भरते. पट्टी तळापासून सुरू व्हावी. खाली फट राहिली तर तेथे गाळ अडकतो.

दुसरा मार्ग असा की मृत कोपराच भरून टाकायचा. मधल्या भिंतीचे टोक वळणानंतरच्या बाजूला फुगवून, वाळूच्या पोत्यांवर कागद चढवून, थेंबाच्या आकाराचे निमुळते करतात. साडेतीन मीटरच्या भोवऱ्याला तो फुगवटाही तेवढाच लांब लागेल आणि तुमची थोडी जागा जाईल. मी आधी पट्ट्या करून पाहीन.

चुण्या मात्र त्याच वेळी काढून घ्या, नाहीतर पट्टीच्या पायाखालून पाणी पळेल.

माळरान

फार उपयोग झाला, सर्वांचे मनापासून आभार. फॅब्रिकेटरला मोटर नको म्हणून कळवले आहे. आधी एकाच वळणात पट्ट्या बसवून दुसरे तसेच ठेवावे, म्हणजे संत्री सोडून दोन्हींची तुलना करता येईल, असे ठरवतो आहे. कोणते वळण आधी घ्यावे? आणि पट्टीची वरची कड पाण्याच्या किती वर ठेवावी?

पाटकरी

ज्या टोकाला तळ दीड सेंटीमीटर उंच आहे ते वळण नंतर घ्या, तेथे आधी तळ सारखा करावा लागेल. नाहीतर फरक पट्ट्यांमुळे पडला की खोलीमुळे, हे कळणार नाही. तुलना करताना व्हीलची फटही आधी कमी करून वेग नव्याने मोजून ठेवा. कडेबद्दल : या वेगाला वळणात बाहेरची पातळी आतल्यापेक्षा १ सेंटीमीटरहून कमी चढते, त्यामुळे पाण्याच्या वर ५ सेंटीमीटर पुरेसे आहेत. मात्र उन्हाळ्यात तुम्ही पाणी भरता तेव्हाची सर्वांत वरची पातळी धरून ते मोजा.